पनवेलचें चाक

घाट चढून दूरच्या, वस्ती विरळ असलेल्या मुलखांत जावयाचें असलें म्हणजे आजचा मोटारवाला चारही चाकांना एंजिनाचा जोर पोंचविणारी गाडी पसंत करतो. निघण्यापूर्वीं तो टायर तपासतो, जादा चाक बरोबर घेतो, वंगण बदलून घेतो, दोरखंड आणि पाण्याचे डबे ठेवतो, आणि ओझें पुढें किती व मागें किती याचा हिशेब करतो. ही सारी तयारी यंत्रयुगाची देणगी आहे, असें वाटणें साहजिक आहे. परंतु मुंबईच्या खाडीपलीकडे, बोरघाटाच्या अलीकडे, पनवेल नांवाच्या गांवांत जवळजवळ हीच तयारी पावणेदोनशें वर्षांपूर्वीं नित्य होत असे. वाहन निराळें होतें. तें ओढणारे बैल होते. पण प्रश्न तोच होता. वाटेंत दुरुस्तीची सोय नाहीं, परतणें परवडत नाहीं, अशा प्रवासासाठीं वाहन सज्ज कसें करावें?

१९०८ सालीं निघालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्यें पनवेलविषयीं एक लहानशी नोंद आहे. गांवाचा मुख्य धंदा गाडीचीं चाकें करण्याचा असून दख्खनांतून येणारी प्रत्येक गाडी येथून चाकांची एक जोडी खरेदी करते, असा त्या नोंदीचा आशय आहे. सरकारी ग्रंथांतील हें एक वाक्य. वाचणारा तें वाचून सहज पुढें जाईल. पण क्षणभर थांबून विचार केला तर त्या वाक्यांतून एक कोडें उभें राहतें. सोलापूर, नगर, सातारा अशा दूरदूरच्या जिल्ह्यांचे गाडीवान आपआपल्या गांवचे सुतार सोडून समुद्रकांठच्या या गांवीं चाकें कां घेत? या कोड्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे कोंकण आणि देश यांमधील दळणवळणाचा बराचसा इतिहास हातीं लागतो.

पनवेलचें महत्त्व समजावयास नकाशा पुरेसा आहे. पश्चिमेकडून समुद्राची भरती खाडीवाटे आंत शिरते ती येथवर पोंचते. पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. आगगाडी सुरू होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा वाटसरू बहुधा मचव्यांतून पनवेलच्या बंदरांत उतरे. भरती साधली तर मचवा धक्क्याशीं लागे; न साधली तर चिखलांत खोळंबा होई. पनवेलहून खोपोलीपर्यंतची वाट बहुतेक सपाटीची, भातखाचरांतून आणि ओढेनाले ओलांडून जाणारी. खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव आणि महादेवाचें देऊळ आहे. त्या तलावाचें पाणी पिऊन माणसें आणि जनावरें घाटाच्या चढणीला लागत. चढण संपे ती खंडाळ्यास, समुद्रसपाटीपासून सुमारें १,८०० फुटांवर. पुढें लोणावळें, कार्लें, वडगांव, तळेगांव हे मुक्काम टाकीत पुणें गांठावयाचें. पनवेल ते पुणें हें अंतर सुमारें ७० मैलांचें आहे.

म्हणजे पनवेल हें पाण्यावरचें वाहन सोडून जमिनीवरचें वाहन धरण्याचें ठिकाण होतें. जेथें वाहन बदलतें, तेथें माल उतरतो, पुन्हां भरला जातो, वजन होतें, भाडें ठरतें, आणि पुढची वाट कशी आहे याची चौकशी होते. अशा ठिकाणीं पुढल्या प्रवासाची तयारी करून देणारे कारागीर आपोआप जमतात. परंतु तयारी म्हणजे काय, याची समज सर्वांना सारखीच होती असें नव्हे. याच वाटेवर घडलेली एक मोठी ऐतिहासिक घटना त्याची साक्ष देते.

१७७८ च्या नोव्हेंबर महिन्यांत इंग्रजांच्या मुंबई सरकारनें राघोबादादांना पुण्याच्या कारभारावर बसविण्यासाठीं एक फौज पाठविली. ही फौज पनवेलवरूनच निघाली. लढाऊ लोक सुमारें ३,९००. आणि त्यांचें सामानसुमान, दारूगोळा व दाणागोटा वाहण्यासाठीं जमविलेले बैल १९,००० च्या आसपास! माणशीं जवळजवळ पांच बैल झाले. कागदावर पाहिलें तर याहून जय्यत तयारी कोणती असावी? कॅप्टन स्टुअर्ट या धाडसी अधिकाऱ्यानें थोड्या तुकड्या घेऊन पुढें जाऊन घाट अगोदरच ताब्यांत घेतला होता. मुख्य फौजेनें फक्त चालावयाचें होतें.

पण ती चालेना. एवढें मोठें तांड्यासारखें लटांबर अरुंद वाटेनें सरकावयाचें, तोफा घाटावर चढविण्यासाठीं आधीं वाट रुंद करावयाची, मागें राहिलेल्या बैलांची वाट पाहावयाची, यांत दिवसामागून दिवस गेले. डिसेंबरच्या अखेरीस फौज घाटमाथ्यावर आली. त्यापुढें तर ती दिवसाला एक मैलसुद्धां सरकत नव्हती. पनवेल ते तळेगांव या पन्नासएक मैलांच्या वाटेला तिला दीड महिना लागला. या दीड महिन्याचा उपयोग पुणेकरांनीं पुरेपूर केला. नाना फडणवीस, महादजी शिंदे, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांनीं फौजा एकत्र केल्या. समोरासमोर एकच मोठी लढाई न देतां त्यांनीं इंग्रजांना दोन्ही अंगांनीं सतावीत आंत येऊं दिलें. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ स्टुअर्ट पडला. ज्याच्या शौर्याचें मराठ्यांनाही कौतुक वाटून ‘इष्टुर फांकडा’ असें ज्याचें नांव लोकांच्या तोंडीं बसलें, तोच हा स्टुअर्ट. ९ जानेवारीस फौज तळेगांवीं आली, तो गांव ओस पडलेलें, दाणावैरण जळून गेलेली. ११ जानेवारीच्या रात्रीं इंग्रजांनीं माघार घेतली. ज्या अवजड तोफा एवढ्या कष्टानें घाटावर चढविल्या होत्या, त्या तळेगांवच्या तळ्यांत लोटून द्याव्या लागल्या. वडगांवीं फौज चोहोंकडून कोंडली गेली आणि तेथें तिला तह पत्करावा लागला.

या पराभवाचें मुख्य श्रेय मराठी मुत्सद्द्यांच्या धोरणास आहे, यांत शंका नाहीं. पण वेळ हें त्यांचें एक हत्यार होतें, आणि तो वेळ त्यांना इंग्रजांच्याच तयारीनें मिळवून दिला. सामान भरपूर होतें; तें वाहून नेणारें साधन वाटेला साजेसें नव्हतें. दूरच्या प्रवासांत प्रत्येक जादा पोतें ओढावयास जादा बैल लागतो, आणि त्या बैलाला जादा वैरण लागते. ती वैरण वाहावयास पुन्हां बैल लागतो. ही सांखळी कोठें तोडावी, हें ज्याला कळत नाहीं त्याची तयारीच त्याच्या गळ्यांतला धोंडा होते.

तोफांना चाकें होतीं, पण त्या काळीं बोरघाट हा चाकांचा रस्ताच नव्हता. व्यापारी माल घाटावर जाई तो बैलांच्या पाठीवरून. वंजाऱ्यांचे तांडे मीठ वर नेत आणि धान्य खालीं आणीत. वऱ्हाडचा कापूसही असाच आला. विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्यांनीं १८२५ च्या सुमारास वऱ्हाडांतून मुंबईकडे कापूस आणविण्यास प्रारंभ केला, तोही बैलांच्या पाठीवर लादून. पाठीवरच्या वाहतुकीचे हाल फार. रोज सायंकाळीं ओझें उतरावयाचें, सकाळीं पुन्हां चढवावयाचें; वाटेंत कापूस धुळीनें मळावयाचा, पावसानें भिजावयाचा; बैलाची पाठ सोलली म्हणजे तो निकामी व्हावयाचा. तीच बैलजोडी चांगल्या गाडीला जुंपली तर पाठीवरल्या ओझ्याच्या कितीतरी पट माल ओढते. पण त्यासाठीं दोन गोष्टी पाहिजेत: रस्ता आणि चाक.

रस्ता आधीं आला. १८०४ सालीं जनरल वेलस्ली यानें लष्करासाठीं घाटाची वाट सुधारली होती. पुढें पेशवाई गेली, आणि १८३० च्या नोव्हेंबरांत मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या हस्तें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. कोंकण आणि देश यांमधली भिंत त्या दिवशीं चाकासाठीं उघडली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

चाक मात्र अजून तयार नव्हतें. देशावर जुन्या तऱ्हेचे जे अवजड गाडे होते, त्यांचें चाक म्हणजे जाड फळ्या जोडून केलेली भरीव तबकडी. शेतांतून खळ्यावर पेंढ्या आणावयास असा गाडा पुरे. पण त्याच्या स्वतःच्याच वजनानें बैल दमून जात, आणि रस्ता खोल चाकोऱ्यांनीं उखडे. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं जमीन-पाहणीचें काम चालविलें होतें. शेतसारा किती असावा हें ठरवितांना त्यांना दिसून आलें कीं, बाजारापर्यंत माल नेण्याचें साधनच नसेल तर हलका सारासुद्धां शेतकऱ्याला जड जातो. याच खात्यांतील लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्यानें हलकी, मजबूत आणि एका जोडीनें ओढतां येईल अशी गाडी सिद्ध करण्याचे प्रयोग केले, आणि सोलापूर जिल्ह्यांत टेंभुर्णी येथें अशा गाड्यांचा कारखाना निघाला. पुढें गांवोगांवचे सुतार तशा गाड्या करूं लागले. सारा ठरविणाऱ्या खात्यानें गाड्या कराव्या, हें आज चमत्कारिक वाटेल. पण त्यांत मोठी व्यवहारदृष्टि होती.

आतां रस्ता आणि गाडी दोन्ही झालीं. देशावरचा गाडीवान कापूस, गूळ, धान्य भरून घाट उतरूं लागला. आणि येथेंच पनवेलच्या कोड्याचें उत्तर मिळूं लागतें.

घाट उतरून आलेल्या गाडीचें सर्वांत झिजलेलें अंग कोणतें? चाक. माल उतरला कीं गाडीवानाच्या हातीं रोकड येते ती कोठें? पनवेलास. चाकासाठीं लागणारें लांकूड कोठें मिळतें? देशावरच्या उघड्या माळांवर बाभळीपलीकडे फारसें नाहीं. पण कोंकणांतल्या डोंगरउतारांवर साग आहे, ऐन आहे, चिवट तिवस आहे. चाकाला चढवावयाची लोखंडी पट्टी कोठून येते? विलायतेहून मुंबईस, आणि मुंबईहून मचव्यानें पनवेलास. लांकूड, लोखंड, पैसा आणि गरज या चार गोष्टी एकाच गांवीं भेटल्या, तेथें चाकांचा बाजार उभा राहिला यांत नवल तें काय? शिवाय परतीच्या वाटेवर पुढें घाटाची चढण होती. जुन्या चाकावर ती चढावी कीं नव्या, हा प्रश्न गाडीवानाला पनवेलांतच सोडवावा लागे. खोपोलीच्या पुढें सोडवूं म्हटलें तर उशीर झालेला असे.

चाक दिसावयास साधें दिसतें. पण त्यांत सुतार आणि लोहार या दोघांचेंही कसब एकवटलेलें असतें. मध्यें तुंबा; त्यांत आंस फिरावयाचा. तुंब्यापासून निघालेले आरे. आणि आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले वांकदार पुठ्ठे, ज्यांचा मिळून घेर होतो. तुंब्याचें लांकूड न तडकणारें हवें, आऱ्याचें ताठ हवें, पुठ्ठ्याचें झीज सोसणारें हवें. एकाच झाडाच्या अंगीं हे तीन गुण क्वचितच असतात. प्रत्येक आरा तुंब्यांतल्या खांचेत हातोड्यानें ठोकून बसवावयाचा. सैल असला तर भाराखालीं कुरकुरतो, फार घट्ट असला तर तुंबा फोडतो. तुंब्याचें भोंक आणि आंस यांमधली मोकळीक तर केवळ हाताच्या अंदाजानें ठरे. ती कमी झाली तर चाक जखडतें, अधिक झाली तर डुलतें, आणि डुलणारें चाक घाटांत आंस मोडतें.

शेवटीं लोहाराचें काम. चाकाच्या घेरावर बसावयाचें लोखंडी कडें म्हणजे धांव. ही धांव चाकाच्या घेरापेक्षां किंचित लहान करतात. मग ती जमिनीवर ठेवून भोंवतीं गोवऱ्या रचून लाल होईपर्यंत तापवितात. तापून फुगलेली धांव सांडशींनीं उचलून चाकावर बसवितात आणि लागलीच वरून पाणी ओततात. धुराचा आणि वाफेचा लोट उठतो, लांकूड करपल्याचा वास येतो, आणि लोखंड आकसतांना सारें चाक कडकड वाजतें. त्या आवाजांत प्रत्येक सांधा आवळला जातो. खिळा किंवा सरस जें करूं शकणार नाहीं, तें लोखंडाच्या थंड होण्याच्या नियमानें साधतें. धांव किती लहान ठेवावी याचें माप चुकलें तर चाक एक तर सैल राही, नाहीं तर आरे वांकत. हें माप कोणत्याही पुस्तकांत नव्हतें. तें बापाकडून मुलाच्या हातीं येई.

आणि या मापांत आणखी एक मेख होती. पनवेलची हवा दमट, देशावरची कोरडी. कोंकणांत पुरतें न मुरलेलें लांकूड देशावरच्या उन्हाळ्यांत आकसतें, आणि एकदां घट्ट बसलेली धांव खुळखुळूं लागते. म्हणून चाक करणाऱ्याला केवळ आपल्या गांवची हवा जाणून भागत नसे. गिऱ्हाइकाच्या गांवचा वैशाखही त्याला ठाऊक असावा लागे. लांकूड मुरवून, वाळवून मग वापरणाऱ्या सुताराचें चाक टिके. घाईनें ओलें लांकूड घालणाऱ्याचें चाक महिन्या-दोन महिन्यांत बोलूं लागे. गाडीवानही यावर आपला उपाय करीत. मुक्कामाला ओढा लागला म्हणजे ते गाडी पाण्यांत उभी करीत. रात्रभर लांकूड फुगे आणि सकाळीं धांव पुन्हां घट्ट होई. पण हा उपाय पाणी असेल तेथपर्यंतच.

नवीं चाकें चढलीं म्हणजे गाडी सज्ज झाली असें मात्र नव्हे. वंगण हें प्रवासाचें दुसरें अंग. एरंडेल तेलांत चिंध्यांची किंवा गवताची राख खलून केलेलें काळें वंगण बांबूच्या नळकांड्यांत भरून गाडीखालीं टांगलेलें असे. आंसाला तें वरचेवर न लाविलें तर चाक कर्कशपणें ओरडे आणि लांकूड घांसून तापे. तिसरें अंग दोरांचें: मालावर आवळावयाचे, जूं बांधावयाचे, आणि उतारावर चाक रोखून धरावयाचे. आंसाच्या टोकाची खीळ ही वस्तु वीतभर लांबीची. पण ती गळाली तर चाक निखळून गाडी आडवी होते. म्हणून जादा खिळी जवळ असल्याशिवाय जाणता गाडीवान निघत नसे.

चौथें आणि सर्वांत महत्त्वाचें अंग म्हणजे बैलांचे खूर. मोटारींत चाकच जमिनीला रेटा देतें. म्हणून चिखलांत वा वाळूंत मागचींच दोन चाकें फिरत राहिलीं तर गाडी रुतते, आणि चारही चाकांना जोर असला तर निघते. बैलगाडीचें चाक नुसतें भार वाहतें. जमीन धरून ओढण्याचें काम दोन बैलांच्या आठ पायांचें. गाडीचा खरा जोर तेथें आहे. खडीच्या रस्त्यावर खूर झिजून बैल लंगडा झाला तर उत्तम चाकसुद्धां जागचें हलणार नाहीं. म्हणून लांबच्या वाटेला निघण्यापूर्वीं बैलांना पत्र्या मारून घेत. बैलाचा खूर दुभंगलेला. एकेका पायाला दोन लहान पत्र्या लागतात. बैलाला दोरांनीं आडवा पाडून, चारही पाय बांधून त्या ठोकाव्या लागतात. खिळा जरासा आंत गेला तर जनावर कायमचें अधू होतें.

मग माल भरण्याची पाळी. सपाटीवर ओझें बरोबर आंसावर बसलें कीं काम झालें. घाटांत तो हिशेब बदलतो. चढणीवर गाडी मागें कलते, ओझ्याचा भार शेवटाकडे जातो, गाडी उलार होते, आणि जूं बैलांच्या मानेवरून वर उचलूं पाहतें. म्हणून चढावयाचें असेल तेव्हां जड पोतीं थोडीं पुढें घ्यावयाचीं. उतरावयाचें असेल तेव्हां उलट; नाहीं तर सारें ओझें बैलांच्या मानेवर येऊन पडतें. पायथ्याशीं एका जोडीपुढें दुसरी जोडी जुंपून गाड्या वर नेत. दम घ्यावयास थांबलें कीं बरोबरच्या माणसानें चटकन चाकामागें धोंडा लावावयाचा. हा धोंडा हातीं घेऊन गाडीमागून चालणारा मुलगा हा त्या प्रवासाचा अर्धा विमा होता. उतरतांना चाक दोरानें आवळीत, किंवा गाडीमागें लांकडाचा ओंडका फरफटत आणीत. एकटी गाडी घाटांत नेणें कोणी शहाणा करीत नसे. गाड्यांची माळ निघे, कारण एकाची मोडलेली गाडी दहांनीं उचलतां येते.

या साऱ्या दक्षतेमागें केवळ व्यवस्थितपणाची आवड नव्हती. गाडी आणि बैलजोडी हीच कित्येक शेतकऱ्यांची जमिनीखालोखालची मालमत्ता होती, आणि बहुधा ती सावकाराच्या पैशानें उभी केलेली असे. दसरा-दिवाळी होऊन रस्ते सुकले कीं मृगापर्यंतच्या महिन्यांत भाडें मारून तें कर्ज फेडावयाचें. घाटांत आंस मोडून गाडी दरींत गेली, किंवा बैलाचा पाय गेला, तर एका हंगामाचेंच नव्हे तर एका घराचें नुकसान होई. पनवेलच्या सुतारानें लावलेल्या दोन चाकांवर कोठें तरी सीनाकांठीं किंवा भीमेकांठीं एका कुटुंबाचें वर्ष अवलंबून असे. त्या सुताराला तें कुटुंब कधीं दिसलें नाहीं. पण चाक टिकलें तर पुढल्या हंगामांत तोच गाडीवान शेजाऱ्याला घेऊन त्याच्याच दाराशीं येई. जाहिरात ती एवढीच.

हा व्यवहार बहरास आला असतांनाच त्याच्या शेजारून लोहमार्ग गेला. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली. १८५६ सालीं ती कल्याणवरून खोपोलीपर्यंत आली. १८५८ सालीं वरच्या बाजूस खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी धांवूं लागली. मधला घाट तेवढा पालखीनें, तट्टावर वा गाडीनें चढावा लागे. अखेर १८६३ सालीं बोरघाटाचा लोहमार्गही पुरा झाला. सुमारें १५ मैलांची चढण, २५ बोगदे, आणि तें काम करतांना पटकीनें व अपघातांनीं मेलेले हजारों मजूर, असा तो मार्ग. त्याच्या बांधकामाच्या मक्तेदारांपैकीं ट्रेडवेल याचा काम सुरू होतांच अंत झाला, आणि त्याच्या विधवेनें तें काम पुढें चालवून तडीस नेलें. आगगाडी कल्याणवरून वळली. पनवेल बाजूला पडलें. १८५२ सालींच, म्हणजे आपल्याकडील अगदीं आरंभींच्या नगरपालिकांबरोबर, नगरपालिका मिळालेल्या या गांवाचें पुण्याच्या वाटेवरील पहिलें स्थान दहा-अकरा वर्षांत गेलें.

आणि तरीही १९०८ सालच्या गॅझेटियरांत पनवेलचीं चाकें आहेत! आगगाडी आल्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीं दख्खनची प्रत्येक गाडी येथें चाकांची जोडी घेत होती. बंदराचें महत्त्व कमी झालें, प्रवासी गेले, पण चाक राहिलें. याचें कारण, आगगाडीनें दूरची वाहतूक घेतली तरी स्टेशनापासून गांवापर्यंतची वाहतूक गाडीच करीत होती. उलट आगगाडीमुळें माल वाढला तशा गाड्याही वाढल्या. शिवाय वाट दुसरीकडे गेली, म्हणून त्या वाटेचें ज्ञान एका दिवसांत नाहींसें होत नाहीं. कारागिराच्या हातांत तें एक-दोन पिढ्या जिवंत राहतें.

तें संपलें तें निराळ्या रीतीनें. विसाव्या शतकांत मोटार-लॉऱ्या घाट चढूं लागल्या. बैलगाडीलाही रबरी टायर आणि गोळ्यांचे बेअरिंग असलेलीं तयार चाकें मिळूं लागलीं. तीं हलकीं चालतात, रस्ता उखडत नाहींत, बैलाला सुख देतात. त्यांना नांव ठेवण्याचें कारण नाहीं. पण तीं कारखान्यांतून येतात. त्यांच्यासाठीं तिवसाचें लांकूड मुरवावें लागत नाहीं, गोवऱ्यांचा वर्तुळाकार जाळ करावा लागत नाहीं, आणि गिऱ्हाइकाच्या गांवीं वैशाख किती कोरडा असतो हें विचारावें लागत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत जीपगाडी जगभर प्रसिद्ध झाली. स्वातंत्र्याच्या आगेमागेच्या वर्षांत उभ्या राहिलेल्या महिंद्र कंपनीनें मुंबईंत तशा जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला. चारही चाकांनीं जमीन धरणारें वाहन तेव्हांपासून आपल्या खेड्यापाड्यांच्या आणि रानावनांच्या वाटांवर फिरूं लागलें.

पुढें २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पूर्ण झाला, तो पनवेलच्या शेजारीं कळंबोलीहून सुरू होतो. २०१६ सालीं पनवेलची महानगरपालिका झाली. ज्या घाटानें १७७८ सालीं एका फौजेचे दिवसच्या दिवस खाल्ले, तो आज मोटार घटकाभरांत चढून जाते, आणि तींत बसलेल्या कित्येकांना घाट केव्हां लागला तेंही कळत नाहीं. पनवेल हें तयारी करण्याचें ठिकाण उरलेलें नाहीं. तें मार्गावरचें एक नांव झालें आहे. दूरच्या प्रवासाची गाडी आतां दुसरीकडे सज्ज होते, आणि ती सज्ज करणाऱ्यापाशीं उत्तम हत्यारें असतात.

तरीही वडगांवच्या फौजेचा आणि पनवेलच्या सुताराचा धडा जुना झालेला नाहीं. फौजेपाशीं सर्व कांहीं होतें, फक्त वाटेची जाण नव्हती. सुतारापाशीं लांकूड, लोखंड आणि विस्तव एवढेंच होतें. पण वाट आणि वाटेच्या पलीकडली हवा त्याला ठाऊक होती. फौजेच्या तोफा तळेगांवच्या तळ्यांत गेल्या. सुताराचीं चाकें घाट चढून भीमेकांठापर्यंत गेलीं, आणि झिजलीं तेव्हां त्यांच्या मालकाला पुन्हां पनवेलास घेऊन आलीं.